नापासाची चिठ्ठी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजच्या दारात बाक टाकलेला असतो आणि त्यावर वादांना तोटा नसतो. पुढचा संवाद अशा अनेक वादांतून जुळवलेला आहे, तो एका दिवसाचा किंवा एका माणसाचा नाही. ‘बाई’ निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका. ‘मिस्त्री’ कार्ब्युरेटरच्या जमान्यापासून इंजिनं उघडणारे. मधे उभी असलेली बाईंची गाडी २०११ सालची, पेट्रोलची, बीएस-थ्री मानकाची. धूर तपासणाऱ्या पीयूसी केंद्रावर तिचा कार्बन मोनॉक्साइड १.८ टक्के निघाला. अशा गाडीला मर्यादा ०.५ टक्के. हायड्रोकार्बन ३४० पीपीएम, म्हणजे ७५० च्या मर्यादेत आरामात. थोडक्यात, एका विषयात नापास.

बाई : मला आधी एक सांगा मिस्त्री, तुम्ही ही गाडी दुरुस्त करणार की पास करणार?

मिस्त्री : त्यात फरक काय बाई? दुरुस्त झाली की पास होतीय.

बाई : उलट खरं नाही ना. पास झालेली प्रत्येक गाडी दुरुस्त असते असं नाही. आदल्या रात्री अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून आलेला मुलगा मला उत्तरपत्रिकेवरून ओळखू यायचा. गुण तरी द्यावेच लागायचे.

मिस्त्री : पूर्वी तसंच चालायचं, खोटं कशाला बोलू. कार्ब्युरेटरला मिक्श्चरचा स्क्रू असायचा. पीयूसीला निघताना तो थोडा आवळायचा. पेट्रोल कमी, कार्बन मोनॉक्साइड खाली, पावती हातात. मग परत सैल. कारण तसाच ठेवला तर सिग्नलला गाडी बंद पडायची आन् गिऱ्हाईकच यायचं, मिस्त्री, होती तशी करून द्या म्हणून.

बाई : म्हणजे रस्त्यावर धूर तेवढाच.

मिस्त्री : तेवढाच. त्या स्क्रूचा जोर गाडी जागेवर उभी असताना, आयडलिंगलाच. आन् चाचणी पण आयडलिंगचीच. म्हणून तर जमायचं की.

बाई : हे तुम्ही हसत सांगताय!

मिस्त्री : हसू नको तर काय करू? आता इंजेक्शनच्या गाडीला तो स्क्रूच न्हाई. किती पेट्रोल सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. तुमच्या गाडीला फसवायचं म्हटलं तरी मला जमायचं न्हाई. दुरुस्तच करायला लागंल.

बाईंचा संशय एवढ्यानं गेला नाही. पण मिस्त्रींनी मग जे केलं ते फार थोडे लोक करतात. त्यांनी ती नापासाची चिठ्ठी मागून घेतली. २०२१ मध्ये देशभर पीयूसी प्रमाणपत्राचा एकच नमुना आला, क्यूआर कोडसह, आणि त्याच नियमात मर्यादेबाहेर गेलेल्या गाडीला ‘रिजेक्शन स्लिप’ देण्याची तरतूद झाली. ती घेऊन गॅरेजला जायचं, किंवा केंद्राच्या यंत्रावरच शंका असेल तर दुसऱ्या केंद्रावर तपासून घ्यायचं. प्रत्यक्षात ती चिठ्ठी कुणी मागत नाही आणि कुणी आपणहून देत नाही. ‘नाही बसत साहेब, जरा काम करून आणा’ एवढंच सांगून गाडी परत पाठवली जाते. आकडे गेले की मिस्त्री आंधळा.

मिस्त्री : चिठ्ठीवर दोनच आकडे हाईत. मी त्या पोराला पडद्यावरचे बाकीचे पण लिहून द्यायला लावलं. हे बघा, कार्बन डायऑक्साइड साडेतेरा, ऑक्सिजन ०.४. आता चारी एकत्र बघा. तुम्हीच सांगा काय झालंय. तुमचाच विषय हाय.

बाई : ऑक्सिजन जवळजवळ संपलाय आणि कार्बन अर्धवट जळलाय. म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी.

मिस्त्री : शंभर टक्के. आता ऑक्सिजन जास्त आन् हायड्रोकार्बन पण जास्त असता, तर मी म्हटलो असतो की एक सिलिंडर नीट पेटत न्हाई. प्लग बघा, कॉइल बघा. कच्चं पेट्रोल तसंच बाहेर येतंय म्हणायचं. आन् कार्बनचे दोन्ही वायू कमी, ऑक्सिजन वाढलेला, असं असतं तर सायलेन्सर कुठंतरी फुटलाय, नाहीतर पोरानं नळी पुरती आत घातलेली न्हाई.

बाई : थांबा. सायलेन्सर फुटलेला असेल तर बाहेरची हवा मिसळून आकडे खाली येतील. म्हणजे फुटक्या सायलेन्सरची गाडी पास होईल?

मिस्त्री : दोनच वायू मोजणारं मशीन असलं तर होतीय की. लोकांना उलटं वाटतं. आवाज मोठा म्हणजे नापास, असं.

बाई : मग ही कसली परीक्षा!

मिस्त्री : परीक्षा वाईट न्हाई, बाई. परीक्षक दोनच प्रश्न विचारतोय, चार विचारायला पाहिजेत. बीएस-फोरपासनं विचारतात. गाडी अडीच हजार आरपीएमवर धरायची, लॅम्डा बघायचा. हवा-पेट्रोलचा मेळ बरोबर असला की लॅम्डा एक. तीन शतांश इकडं की तिकडं, तेवढीच सूट. कार्बन मोनॉक्साइड पण आयडलिंगला ०.३ च्या आत, हायड्रोकार्बन २०० च्या आत. तुमच्या गाडीला जी सवलत हाय ती तिकडं न्हाई.

बाई : मग माझ्या गाडीत पेट्रोल जास्त का जातंय? सगळे म्हणतात एअर फिल्टर बदला.

मिस्त्री : कार्ब्युरेटरला ते खरं होतं. फिल्टर चोंदला की हवा कमी, पेट्रोल तेवढंच. इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली तर कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो. फिल्टर बदलू, कारण घाण झालाय. पण १.८ चं ०.५ त्यानं व्हायचं न्हाई. मला सांगा, तापमानाचा काटा कुठवर येतो?

बाई : खालीच असतो. मला वाटायचं गाडी थंड चालते, चांगलंच आहे.

मिस्त्रींनी बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावला. इंजिन नुकतंच सुरू केलेलं, आणि पाइप लगेच कोमट होऊ लागला. तो तसा व्हायला नको होता. इंजिन नीट तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी एक झडप असते, थर्मोस्टॅट. इंजिन ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास आलं की ती उघडते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ‘गाडी गरम होते’ अशी तक्रार आली की ती झडपच काढून टाकायची, हा जुना रस्त्याकडेचा इलाज आहे. बाईंच्या गाडीवर कुणीतरी कधीतरी तो केलेला होता. रेडिएटर साफ करणं, पंखा तपासणं, पाणी कुठं गळतंय बघणं ही खरी कामं वेळखाऊ. झडप काढणं सोपं.

मिस्त्री : आता काय होतं बघा. इंजिन कधी पुरतं तापतच न्हाई. कॉम्प्युटरला वाटतं गाडी आत्ताच चालू केलीय, सकाळचा गारठा हाय. मग तो पेट्रोल जादा सोडतो. सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजनचा सेन्सर हाय, तो ओरडून सांगत असंल पेट्रोल जास्त झालंय म्हणून. पण इंजिन तापेपर्यंत कॉम्प्युटर त्याचं ऐकतच न्हाई.

बाई : आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर? त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. कार्बन मोनॉक्साइड त्यानं जाळायला हवा.

मिस्त्री : तुम्हीच सांगा कशानं जाळंल.

बाई : खरंच की. ऑक्सिजनच उरलेला नाही. शिवाय तो कन्व्हर्टर साधारण अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढं कामाला लागतो. धूर थंड, ऑक्सिजन नाही. प्लॅटिनम असून उपयोग काय!

मिस्त्री : म्हणून सांगतो, कन्व्हर्टर बदला असं कुणी म्हटलं तर आधी पैसे देऊ नका. गाडीतला तो महागातला नग. पेट्रोल जास्त जातंय तोवर नवा बसवला तरी काही दिवसांनी तो पण जायचा. कच्चं पेट्रोल आत जाऊन पेटतंय, आतली जाळी वितळतीय. इंजिन ऑइल पीत असलं तर त्यातला फॉस्फरस त्या धातूंवर थर धरतो. आधी इंजिन सुधारा, मग आकडा बघा, मगच कन्व्हर्टरचं बोला.

इथवर दोघांत खरा वाद नव्हताच, हे वाचकाच्या ध्यानात आलं असेल. वाद सुरू झाला तो थर्मोस्टॅट बसवल्यावर गाडी चाचणीला कशी न्यायची यावर. मिस्त्रींचं म्हणणं साधं होतं. नवा थर्मोस्टॅट, गरज पडली तर ऑक्सिजनचा सेन्सर, जुनं काळं ऑइल बदलायचं, कारण त्यात मुरलेलं पेट्रोल वाफ होऊन परत इंजिनातच ओढलं जातं. मग हायवेवर कागलपर्यंत गाडी दमदार पळवून आणायची, एसी बंद, आणि केंद्रावर रांग असली तरी इंजिन बंद करायचं नाही. चाचणीच्या दिवशी टाकीत ओतायच्या बाटल्यांवर त्यांचा विश्वास नाही. ‘इंजेक्टर साफ करायचे तर आधीपासनं करा. सकाळी बाटली ओतून दुपारी काय होतंय?’

बाई : कागलपर्यंत पळवून आणायची, हीच ती आदल्या रात्रीची घोकंपट्टी.

मिस्त्री : अहो, इंजिन गरम असल्यावरच मोजायचं असतं, नियमच हाय तो.

बाई : नियम असेल. माझी गाडी राजारामपुरीतून लक्ष्मीपुरीला भाजीला जाते आणि परत येते. इंजिन तापेपर्यंत मी घरी पोचलेली असते. कोल्हापूरच्या हवेत माझ्या गाडीचा जो धूर जातो तो थंड इंजिनाचा. मोजायचा तर तो मोजा ना.

मिस्त्री : तसं मोजलं तर नवी कोरी गाडी पण नापास होईल की! ताप मोजायचा तर पेशंटला आधी चहा पाजू नये एवढंच बघायचं असतं. मशीनला एक ठरलेली अवस्था लागते, त्याशिवाय आज आन् सहा महिन्यांनी तुलना कशी करायची?

बाई : तुलनेसाठी ठीक. पण मग त्या कागदाला ‘प्रदूषण नियंत्रणाखाली’ म्हणू नका. ‘गरम इंजिनाने, उभ्या गाडीने, एका दुपारी’ असं म्हणा.

मला इथे बाईंची बाजू घ्यावीशी वाटते, आणि त्याचं कारण भाजीपुरती जाणारी जुनी गाडी नाही, नव्या गाड्या आहेत. ठरलेल्या अवस्थेत परीक्षा होते हे गाडीलाच कळलं तर काय होतं, हे जगानं २०१५ मध्ये पाहिलं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांच्या कॉम्प्युटरला चाचणी चालू असल्याचं ओळखता यायचं, आणि तेवढ्यापुरतीच धूर स्वच्छ करणारी यंत्रणा पुरत्या ताकदीनं चालायची. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी गाडीच्या डिकीत उपकरणं ठेवून ती खऱ्या रस्त्यावर चालवली तेव्हा नायट्रोजन ऑक्साइडचे आकडे मर्यादेच्या कितीतरी पट निघाले. भारतात ही तपासणी पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेनं केली आणि कंपनीनं २०१५ च्या डिसेंबरात सुमारे ३.२३ लाख गाड्या परत बोलावल्या. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला. तो पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला.

मिस्त्री : आन् आमच्यासारख्यांच्या अर्ध्या आट्यावर तुम्ही एवढं बोललात!

बाई : दोन्ही एकच आहे. तुम्ही पाना वापरला, त्यांनी प्रोग्रॅम.

मिस्त्री : एक न्हाई, बाई. माझा स्क्रू एका गाडीचा. त्यांचा लाखो गाड्यांचा. आन् दुसरं, ज्या वायूवरनं ते पकडले गेले तो आपली पीयूसी मोजतच न्हाई. त्या गाड्या आपल्या केंद्रावर पहिल्या नंबरानं पास झाल्या असत्या.

बाई : म्हणजे माझाच मुद्दा तुम्ही मांडलात. डिझेलच्या गाडीचा तर फक्त धुराचा काळेपणा बघतात. बारीक कण नाही, नायट्रोजन नाही. नवीन मॉडेलांना एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरची चाचणी लागू झाली. मग रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांचं काय? रस्त्याकडेला किरण सोडून जाणाऱ्या गाडीचा धूर मोजता येतो. गाडीवाल्याला कळतही नाही. अशी परीक्षा घ्या.

मिस्त्री : आन् दंड कुणाला होईल? वाळू, भाजी, दूध वाहणाऱ्या पिकअपवाल्याला. त्याची गाडी लोड घेऊन चढावर काळा धूर सोडणारच. त्यानं इंजेक्टर दाखवावेत, टर्बोचा पाइप फाटलाय का बघावं, त्याच्या गाडीत मात्र एअर फिल्टर खरंच बदलावा. पण त्याची गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई गेली. दहा हजारांपर्यंतचा दंड कायद्यात हाय, ते वेगळंच. तुम्ही त्याला अचानक पकडणार, आन् त्याला दुरुस्तीला वेळ कोण देणार?

बाई : वेळ द्या. पहिल्यांदा दंड नको, ही चिठ्ठी द्या. आकड्यांसह.

मिस्त्री : हां, हे पटलं. डिझेलवाल्यांना आणखी एक सांगा, ती चाचणी साधी नसते. जागेवर उभी करून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात, तेही परत परत. टायमिंग बेल्ट जुना असेल तर तिथंच तुटायचा आन् इंजिन बसायचं. ऑइल, पाणी, बेल्ट बघितल्याशिवाय जाऊ नये. हे कुणी सांगत न्हाई.

डिझेलचा विषय इथेच सोडतो, कारण मुख्य प्रश्न पीयूसीच्या खिडकीशी आहे. महाराष्ट्रात पेट्रोलच्या चारचाकीच्या चाचणीचा दर सव्वाशे रुपये आहे. त्या सव्वाशेत यंत्राची देखभाल, कॅलिब्रेशन, जागा, माणूस. नापास केलेल्या गिऱ्हाइकाला पुढचं केंद्र चार पावलांवर असतं. म्हणजे प्रामाणिकपणाचा तोटा केंद्राला आणि फायदा कुणालाच नाही, अशी ही रचना आहे. दिल्लीतल्या वायुप्रदूषणावरच्या कॅगच्या अहवालात मर्यादेबाहेर धूर सोडणाऱ्या लाखाहून अधिक गाड्यांना प्रमाणपत्रं दिली गेल्याचं नोंदवलेलं आहे. यंत्रानं नापास म्हटलं, कागदानं पास. याला तांत्रिक बिघाड म्हणणं जड जातं.

बाई : म्हणून सक्ती वाढवायला हवी. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये म्हटलं होतं, पीयूसी नसेल तर विम्याचं नूतनीकरण नाही. चांगला निर्णय होता.

मिस्त्री : आन् २०२४ मध्ये न्यायालयानंच ती अट काढली. का? विम्याशिवाय गाड्या रस्त्यावर आल्या असत्या, आन् अपघात झाला तर जखमी माणसाला भरपाई कोण देणार? धूर एकीकडं, पाय तुटलेला माणूस एकीकडं.

बाई : मान्य. पण मग कागद नसेल तर पेट्रोल नाही, हे तरी?

मिस्त्री : बाई, कागदाला जेवढी किंमत द्याल तेवढा कागद खोटा होईल. पंपावर रांग लागली की शेजारचा पीयूसीवाला गाडी न बघता पावती देणार. कागद कमी अडवा आन् आकडा जास्त बघा. माझं म्हणणं एवढंच.

बाई : आकडा बघायला परीक्षक प्रामाणिक लागतो आणि तो प्रामाणिक राहायला सक्ती लागते. तुम्ही फिरून माझ्याकडेच येताय.

मिस्त्री : मग काय करायचं, तुम्हीच सांगा.

बाई : चाचणी करणारा आणि पैसे घेणारा वेगळा. यंत्राचा आकडा माणसाच्या हाताला न लागता सरळ नोंदीत. आणि दर थोड्या दिवसांनी सरकारनं ओळख न देता मुद्दाम नापास होणारी गाडी पाठवायची. केंद्रानं ती पास केली तर केंद्र बंद.

मिस्त्री : गाडी माझ्याकडनं घ्या. नापास गाडी तयार करायला मला अर्धा तास पुरे.

हसणं झालं. पण बाईंच्या गाडीचा प्रश्न उरलाच. १५ वर्षांची नोंदणी यंदा संपते. पुढे पाच वर्षांसाठी वाढवायची तर फिटनेस, नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर. एवढं करून गाडी ठेवायची का, की मोडीत काढायची? बाईंचे चिरंजीव बंगळुरात असतात, ते म्हणतात इलेक्ट्रिक घे. मिस्त्रींचं मत त्यांच्या धंद्याच्या बाजूचं असणार हे धरून चालायला हवं, पण ते म्हणाले ते नोंदवतो.

मिस्त्री : थर्मोस्टॅट आन् सेन्सर घातल्यावर आकडा ०.५ च्या आत आला, तर ठेवा. एवढं कमी फिरणारी गाडी मोडून नवी घ्यायची म्हणजे नवी बनवायला जो धूर लागतो तो कोण मोजतंय? आन् नाहीच आला, कन्व्हर्टरवर आलं, तर मी सांगीन काढून टाका. जुन्या इंजिनावर तेवढा पैसा घालू नका.

बाई : ठरलं. पण दोन चाचण्या करायच्या. एक तुमच्या पद्धतीनं, कागलपर्यंत पळवून. दुसरी एका महिन्यानं, मी लक्ष्मीपुरीतून भाजी घेऊन येताना, न सांगता.

मिस्त्री : दुसरी नापास झाली तर?

बाई : चिठ्ठी मागून घेईन. चारी आकडे.

मिस्त्री : तो पोरगा द्यायचा न्हाई. ‘मॅडम, गरम करून आणा’ म्हणंल.

बाई : नियम आहे म्हणून सांगेन.

मिस्त्री : मग फोन लावा मला. मी बोलतो त्याच्याशी. आन् त्या दिवशी एसी तेवढा बंद ठेवा.

बाई : एसी चालू ठेवणार, मिस्त्री. एप्रिल आहे.